घामाला इकामा कधी?

जुलै २०२५ मध्ये भारतातल्या वृत्तपत्रांनी एक बातमी मोठ्या हौसेने छापली. एक लाख दिरहम, म्हणजे सुमारे २३ लाख रुपये भरा आणि संयुक्त अरब अमिरातीत तहहयात राहण्याचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळवा; घर घेण्याची अट नाही, धंदा काढण्याची अट नाही. काही दिवसांतच अमिरातीच्या सरकारी खात्याने अशी कोणतीही योजना नसल्याचे जाहीर केले. ज्या सल्लागार कंपनीच्या नावावर बातमी फिरली होती, तिने माफी मागितली. प्रकरण मिटले.

बातमी खोटी निघाली, पण तिच्यामुळे एक खरे दुखणे उघडे पडले. ज्या माणसाने दुबईत, शारजात किंवा अबुधाबीत आयुष्याची तीस वर्षे घातली, त्यालाही पुढची वर्षे तिथे राहण्यासाठी २३ लाख मोजावेसे का वाटावेत? कारण साधे आहे. त्याने घातलेल्या तीस वर्षांना त्या देशाच्या कायद्यात काडीची किंमत नाही. किंमत आहे ती पैशाला, मोठ्या पगाराला आणि पदवीला. घामाला तिथे इकामा मिळतो तो एक-दोन वर्षांचा, आणि तोही मालकाच्या मर्जीवर टांगलेला. यावर आपण बोलत नाही. आपले मौलवी बोलत नाहीत, आपल्या जमाती बोलत नाहीत, आणि आपले लेखकही फारसे बोलत नाहीत. हा लेख त्या मौनाविरुद्ध आहे.

आखाताशी आपले नाते तेलाच्या आधीचे आहे. रत्नागिरी, रायगडचे खलाशी आणि तांडेल पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात जात-येत होते. मोत्यांचे अरब व्यापारी मुंबईत घरे करून राहत होते. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात भारताच्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत होता. ‘द्वारका’ नावाची आगबोट १९८२ पर्यंत मुंबईहून आखाताच्या बंदरांना फेऱ्या मारत होती, आणि तिच्या डेकवर ट्रंका-वळकट्या घेऊन आपली माणसे बसत होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड, दापोली, चिपळूण या भागातली घरेच्या घरे तरुण पुरुषांवाचून ओस पडली. आज आखातातल्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय आहेत. त्यात आपला वाटा लहान असेल, पण आपल्या मोहल्ल्याच्या मानाने तो फार मोठा आहे. मशिदीचे नवे बांधकाम असो, मदरसा असो, इंग्रजी शाळा असो की बहिणीचे लग्न, पैसा तिकडूनच आला. हे कोणी नाकारत नाही.

प्रश्न असा, की ज्याने हा पैसा मिळवला त्याला त्या देशाने काय हक्क दिला?

इकाम्याचे स्वरूप पाहा. तो कामाशी जोडलेला, आणि काम कफिलाशी जोडलेले. नोकरी गेली की राहण्याचा आधार गेला. अमिरातीत अनेक वर्षे नियम असा होता, की व्हिसा रद्द झाल्यापासून ३० दिवसांत देश सोडायचा. आता काही वर्गांना त्याहून जास्त मुदत मिळते, पण मुदत ती मुदतच. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले तर साधा व्हिसा आपोआप जातो. आजारी आईजवळ सात महिने बसलेल्या मुलाला याचा अर्थ कळतो. कुटुंब जवळ आणायचे तर अमिरातीत किमान ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० आणि वर राहण्याची सोय. ज्याचा पगार १,५०० आहे त्याने बायकोचा चेहरा दोन वर्षांतून एकदा पाहायचा. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल फी बसवली आणि ती दरवर्षी वाढवत २०२० पर्यंत ४०० वर नेली. बायको आणि तीन मुले असली तर महिन्याला १,६०० रियाल झाले. त्या फीमुळे किती जणांनी मुलांची शाळा अर्ध्यात सोडवून बिऱ्हाड गावी पाठवले, हे आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

शेवटी हाती काय येते? पेन्शन नाही. अमिरातीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून अधिक नाही. म्हणजे चाळीस वर्षे काम करा की पंचवीस, वरची मर्यादा तीच. आयुष्याचा हिशेब दोन वर्षांत चुकता.

आता दुसरी बाजू पाहू. हे देश परक्याला कधीच कायमचे ठेवून घेत नाहीत, असा आपला समज होता. २०१९ मध्ये तो समज त्यांनीच मोडला. त्या वर्षी अमिरातीने गोल्डन व्हिसा आणला आणि सौदीने ‘प्रीमियम इकामा’. गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा, कफिलावाचून, सहा महिन्यांच्या अटीवाचून. तो मिळवायचा तर २० लाख दिरहमची मालमत्ता घ्या, किंवा तज्ज्ञ म्हणून ३०,००० दिरहम महिना पगार दाखवा, किंवा शास्त्रज्ञ, डॉक्टर, कलावंत अशा निवडक यादीत बसा. २०२२ मध्ये आलेला ग्रीन व्हिसा पाच वर्षांचा. कुशल नोकरदाराला त्यासाठी पदवी आणि १५,००० दिरहम पगार हवा. निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा आहे. त्याला दहा लाखांची मालमत्ता किंवा तेवढी बचत दाखवा, नाहीतर दरमहा बऱ्यापैकी मोठे उत्पन्न. सौदीत कायमच्या प्रीमियम इकाम्याची फी आठ लाख रियाल ठरली. जानेवारी २०२४ मध्ये प्रतिभावंत, गुंतवणूकदार, उद्योजक, घरमालक असे आणखी वर्ग काढले गेले. बहारीनच्या २०२२ च्या ‘गोल्डन रेसिडेन्सी’त पाच वर्षे नोकरीची अट आहे, पण सोबत सरासरी २,००० दिनार मूळ पगाराचीही आहे.

थोडा हिशेब करू. १,५०० रियाल कमावणाऱ्याने एक हलाला न खाता, न घरी पाठवता सगळा पगार साठवला, तर आठ लाख रियाल जमायला ४४ वर्षे लागतील. २,००० दिरहम कमावणाऱ्याला २० लाखांचे घर घ्यायला ८३ वर्षे. ज्याने त्या इमारतीचा स्लॅब ओतला, तिच्यात वायरिंग केले, त्याला तिच्यातली एक खोली मिळून राहण्याचा हक्क लागायला दोन जन्म पुरणार नाहीत. या योजना वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. आपल्यातल्या काही डॉक्टरांना, इंजिनिअरांना, व्यापाऱ्यांना त्यांचा लाभ झाला, चांगले झाले. माझा आक्षेप एकच. या सगळ्या दारांवर ‘किती वर्षे राहिलास?’ हा प्रश्न मुख्य म्हणून कुठेच विचारला जात नाही.

कतारने तो विचारला, हे कबूल करायला हवे. २०१८ च्या १० क्रमांकाच्या कायद्यात बाहेर जन्मलेल्यासाठी २० वर्षांच्या आणि कतारमध्ये जन्मलेल्यासाठी १० वर्षांच्या वास्तव्याची अट आहे; जोडीला पुरेसे उत्पन्न, चांगली वर्तणूक आणि अरबी भाषेचे ज्ञान. वर्षांना किंमत देणारा कायदा झाला म्हणून आनंद व्हावा, तर पुढचे कलम सांगते की वर्षाला असे परवाने साधारण १०० जणांना. लाखो परदेशी कामगार असलेल्या देशात शंभर! कुवेतने तर उलटी वाट धरली. जानेवारी २०२१ पासून साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी माणसाचा कामाचा परवाना नूतनीकरण करायचाच नाही, असा निर्णय तिथे लागू झाला. पुढे तो मोडला आणि २०२२ मध्ये २५० दिनार फी व वर खासगी विमा अशा अटीवर सवलत आली. नियम नंतर सैल झाले, पण हेतू लपला नाही: तारुण्य आम्हाला द्या, म्हातारपण घरी न्या.

इतर देशांत काय आहे? जर्मनीने ऑक्टोबर १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून मजूर आणले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले, म्हणजे काम संपले की जाणारे. १९७३ मध्ये भरती बंद झाली, पण पाहुणे गेले नाहीत; त्यांची मुले तिथेच शाळेत जाऊ लागली. शिव्या खाल्ल्या, घरे जळाली, तरी ते मागत राहिले. आज जर्मनीत साधारण पाच वर्षे राहून, ६० महिने पेन्शनचा हप्ता भरून आणि भाषा शिकून कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि २०२४ च्या कायद्याने पाच वर्षांनंतर नागरिकत्वही, तेही जुने न सोडता. २००३ च्या युरोपीय निर्देशाने बहुतेक सदस्य देशांत पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याला दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा जोडला. कॅनडात कायम रहिवाशाने पाच वर्षांत १,०९५ दिवस काढले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज करण्याची वाट रूढ झाली. आपल्या कोकणी कुटुंबांनी तिचा लाभ घेतला.

हे देश काही धर्मराज नाहीत. ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये ती पाच वर्षांची मुदत दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेत एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे नाहीत या नियमामुळे भारतीय माणूस दशकानुदशके रांगेत आहे, आणि २०२५ मध्ये तिथेही दहा लाख डॉलरचे ‘गोल्ड कार्ड’ निघाले. पैशाची दारे तिकडेही आहेत. पण त्या दारांच्या शेजारी काळाचे एक दार आहे: इतकी वर्षे राहा, कर भरा, गुन्हा करू नका, मग मागा. आखातात पैशाचे दार सोन्याने मढवले आणि काळाचे दार बसवलेच नाही. तुर्कस्तानानेही २०२२ पासून चार लाख डॉलरच्या घरावर नागरिकत्व देऊ केले, पण तिथे पाच वर्षांच्या वास्तव्याची जुनी वाटही कायद्यात आहे.

यावर आपल्याच माणसांचे चार आक्षेप ठरलेले असतात.

पहिला: करार करून गेलात, करार संपला, या घरी. तक्रार कसली? एक करार दोन वर्षांचा असतो हे खरे. पण तोच करार तेच सरकार पंधरा वेळा फी घेऊन वाढवते, तेव्हा ती तात्पुरती गरज राहत नाही. तीस वर्षे लागणाऱ्या माणसाला तात्पुरता म्हणणे ही भाषेची चलाखी आहे.

दुसरा: ते मूठभर आहेत, सगळ्यांना ठेवले तर त्यांचाच देश बुडेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. अमिरातीत मूळ नागरिक लोकसंख्येच्या एक दशांशाच्या आसपास आहेत. पण इथे मागणी नागरिकत्वाची नाही, मताची नाही, सरकारी तिजोरीतल्या वाट्याची नाही. फक्त राहण्याची आहे. आणि जुन्या कामगाराला परत पाठवले म्हणून परक्यांची संख्या घटते का? त्याच्या खाटेवर दुसऱ्या महिन्यात बिहारचा किंवा बांगलादेशचा पोरगा येऊन झोपतो. आकडा तोच राहतो, फक्त माणूस बदलतो. म्हणजे अडचण संख्येची नसून जुन्या माणसाच्या हक्काची आहे. जुना माणूस मागू लागतो, नवा घाबरून असतो.

तिसरा: ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्याविरुद्ध बोलणे नमकहरामी. मीठ फुकट मिळाले असते तर हा मुद्दा मान्य केला असता. पन्नास अंशाच्या उन्हात सळया बांधून मिळालेले मीठ हे मजुरीचे मीठ आहे. उपकार असलेच तर दोन्ही बाजूंचे आहेत.

चौथा: आम्हाला तिथे राहायचेच नाही, गावी बंगला बांधलाय. राहू नका! हक्क असला म्हणून वापरावाच लागतो असे नाही. पण आपण कधी परतायचे हे आपण ठरवणे आणि कफिलाच्या कारकुनाने ठरवणे, यात फरक आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. कित्येकांची पंचवीस वर्षांची कमाई तिथेच राहिली. २०२० च्या महामारीत पुन्हा तेच झाले. नोकरी गेली, खोली गेली आणि ‘वंदे भारत’च्या विमानाची वाट पाहणे उरले. आणि जी मुले तिथेच जन्मली, तिथल्या शाळेत दहावी झाली, ज्यांना गावच्या पावसाचे भय वाटते, त्यांनी ‘परत’ जायचे म्हणजे कुठे जायचे?

काही जण मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण देतात. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराला खटल्यांमुळे आणि धमक्यांमुळे २००६ मध्ये भारत सोडावा लागला, आणि २०१० मध्ये कतारने त्यांना नागरिकत्व दिले. कतारचे ते औदार्य खरेच. पण ते राज्यकर्त्यांचे औदार्य होते. नव्वदी ओलांडलेल्या जगप्रसिद्ध कलावंतासाठी दार उघडले, याचा अर्थ दार आहे एवढाच; ते दोहाच्या गवंड्यासाठी उघडेल असा नाही. मेहेरबानी वरून येते आणि वरूनच काढून घेतली जाते. हक्क कागदावर लिहिलेला असतो, आणि तो नाकारला तर कारण विचारता येते.

आता आपल्या घरातली गोष्ट. उम्मत हा शब्द आपण फार सहज वापरतो. मुसलमान मुसलमानाचा भाऊ, या विषयावर रात्ररात्र जलसे होतात. त्या जलशात इकाम्याबद्दल पाच मिनिटे कोणी बोललेले तुम्ही ऐकले आहे का? हिजरतीचा प्रसंग मात्र रंगवून सांगतात. मक्केहून उघड्या हाताने आलेल्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांनी भाऊ मानले, घरात आणि मिळकतीत वाटा दिला. त्यांना कुणी वीस लाखांची मालमत्ता दाखवायला सांगितली नव्हती. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपल्या मुलांना आपण पाठ करून देतो. ‘कफालत’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ आहे जबाबदारी घेणे. अनाथाची कफालत करणारा मोठा मानला जातो. तोच शब्द परक्या मजुराचा पासपोर्ट कुलपात ठेवणाऱ्या व्यवस्थेला चिकटला, याचे आपल्याला वाईटसुद्धा वाटत नाही. कतारने २०२० मध्ये आणि सौदीने २०२१ मध्ये नोकरी बदलण्याची मोकळीक दिली, ती चांगलीच. पण मालक बदलता येणे वेगळे आणि मालकावाचून राहता येणे वेगळे. तिथल्या मातीत मेलेल्या मुसलमानाला कबरीपुरती जागा मिळते. जिवंत माणसाचे काय?

आणि हा प्रश्न फक्त मुसलमान कामगाराचा म्हणून मांडू नये. त्याच खोलीत मल्याळी ख्रिश्चन, तेलुगू हिंदू, नेपाळी आणि फिलिपिनो झोपतात. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा ४५ हून अधिक भारतीय गेले. धुराने कुणाचा धर्म पाहिला नाही. आपल्या देशात २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांसाठी अकरा वर्षांची अट पाचवर आणली आणि मुसलमानांना तेवढे वगळले, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. आपले म्हणणे असे होते, की राहिलेल्या वर्षांचा हिशेब धर्म पाहून करू नका. ते म्हणणे न्यायाचे होते. मग तेच तत्त्व रियाध आणि दुबईपुढे मांडताना जीभ का अडखळते? इथे धर्म पाहून वर्षे मोजू नका म्हणायचे आणि तिथे पाकीट पाहून मोजली तरी गप्प बसायचे, याला तत्त्व म्हणत नाहीत.

मग करायचे काय? आखातात संप, मोर्चा काढणाऱ्याला घरचे तिकीट मिळते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आवाज इथूनच उठला पाहिजे. भारताने अमिरातीशी फेब्रुवारी २०२२ मध्ये व्यापक आर्थिक करार केला. माल आणि भांडवल यांच्यासाठी जर वाटाघाटी होतात, तर पंधरा-वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या वास्तव्यासाठीही व्हाव्यात, ही मागणी खासदारांपुढे ठेवता येते. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी ‘नॉर्का’ हे स्वतंत्र खाते काढले, कारण तिथले मतदार विचारतात. आपण निवडणुकीत कब्रस्तानच्या भिंतीपलीकडे काय मागितले?

मागणीही मोजकी असावी. पंधरा वर्षे कायदेशीर काम केलेल्या, गुन्हा नसलेल्या कोणत्याही परदेशी कामगाराला, पगार आणि पदवी न पाहता, कफिलाशी न जोडलेला दीर्घ मुदतीचा इकामा मिळावा. त्यात नवरा किंवा बायको आणि मुले धरावीत. साठीनंतर तो वाढवण्यासाठी वेगळा दंड नसावा. तोवर प्रत्येक जमातीने आपल्या गावचे किती लोक कुठे, किती वर्षे आहेत याची वही ठेवावी. नियम सरकारी खात्याकडून समजून घ्यावेत, एजंटाच्या व्हॉट्सॲपवरून नव्हे. आणि जाणाऱ्या पोराला दहावी-बारावीवर न पाठवता हातात पदवी किंवा पक्का हुन्नर देऊन पाठवावे, कारण दाराशी आज तेच विचारतात.

मिळेल का? लगेच नाही. जर्मनीतल्या तुर्कांना चाळीस वर्षे लागली. पण त्यांनी पहिल्या दिवशी मागायला सुरुवात केली नसती, तर चाळिसाव्या वर्षीही ते पाहुणेच राहिले असते. आपल्याला आखातात जायला लागून पन्नासाहून अधिक वर्षे झाली, आणि आपण अजून अर्जसुद्धा लिहिलेला नाही.